रोजचं रनिंग

सॉकेट जमिनीपासून कोपराच्या उंचीवर होतं. पांढरी पाटी डावीकडे किंचित झुकलेली, भोवतीचं सिमेंट अजून ओलसर काळपट, आणि वर पाणी लागू नये म्हणून तेलाचा डबा कापून ठोकलेलं पत्र्याचं छप्पर. दिपमालानं वाकून खालून पाहिलं. मोठ्या पिनचं सॉकेट होतं. अर्थिंगची जी तिसरी तार पुष्कळ घरांत नुसती दाखवायला असते, ती हिरवी तार इथे भिंतीवरून उतरून तुळशीशेजारच्या मातीत खरोखर गेली होती.

"देखं का?" मागून सासूबाई म्हणाल्या. "हिलालनाना वायरमनकडथीन बसाडी लिधं. तुन्ही गाडी येवानी शे ना."

"छान बसवलंय, आई," दिपमाला म्हणाली. ते खरंच होतं, म्हणून म्हणणं सोपं गेलं.

गाडी अजून घेतलेली नव्हती. कोणती घ्यायची, तेही ठरलेलं नव्हतं. श्रावणातल्या कानबाई देवीच्या सणासाठी सगळं कुळ धुळ्याच्या घरी जमलं होतं. सकाळी विसर्जन झालं, पाहुणे पांगले, आणि मग भिकुबाईंनी सुनेला हाताला धरून मागच्या अंगणात आणलं. जिथे इतकी वर्षं सरपण रचलेलं असायचं, तो कोपरा झाडून, सारवून मोकळा केला होता. बरोबर एक स्कूटर उभी राहील एवढा.

"सरपण कुठे गेलं?"

"शेजारणीले दी टाकं. लाकडं काय, परत येतीन. सून कवय येवानी?"

भिकुबाई हसत म्हणाल्या. दिपमाला हिरव्या तारेकडे पाहत राहिली. टोमणा असता तर तिनं तो झटकून टाकला असता. हा टोमणा नव्हता, म्हणूनच तो मनात रुतून बसला.

घोंगडं तीन वर्षं भिजत पडलं होतं. दिपमाला जळगावला मेहरूणमध्ये राहायची आणि नशिराबादच्या पलीकडे केळीची रोपं तयार करणाऱ्या एका प्रयोगशाळेत काम करायची. नवरा प्रेमराज बदली होऊन धुळ्याला आला, आईजवळ राहू लागला. तेव्हा असं ठरलं, की मुलाची बारावी झाली की दिपमालानंही धुळ्याला यायचं. बारावी झाली. मुलगा इंजिनिअरिंगला नाशिकला गेला. मग 'पुढच्या जूनमध्ये बघू' सुरू झालं. जून आला तसा गेला. प्रेमराज शनिवारी जळगावला यायचा, सोमवारी पहाटेच्या एस.टी.नं परत फिरायचा, आणि मधल्या वेळात दोघं गॅस, पाणीपट्टी, मुलाची खानावळ, सगळ्याबद्दल बोलायचे. या एका गोष्टीवर मात्र दिपमालानं गुळणी धरली होती.

प्रेमराजनं सोनगीरच्या पुढे एका शाळेत विज्ञान शिकवायची जागा बघून ठेवली होती. संस्था चांगली, माणसं चांगली, फक्त धुळ्यातल्या देवपूरच्या घरापासून लांब. "तू एम.एस्सी. आहेस, डोळे झाकून घेतील," तो म्हणायचा. त्यात नाव ठेवण्यासारखं काही नव्हतं, आणि नेमकी हीच पंचाईत होती. वाईट जागेला नाही म्हणायला कोणालाही कारण सापडतं. दिपमालाकडे कारण एकच होतं: ती आता करत होती ते काम तिला आवडत होतं. काचेच्या बाटल्यांत, पांढऱ्या दिव्यांखाली, नखाएवढ्या कोंबाला मुळं फुटायची आणि रांगांमागून रांगा हिरव्या व्हायच्या. कोणत्या बाटलीत बुरशी धरणार, ते तिला आदल्या दिवशी काचेवरच्या धुक्यावरून कळायचं. त्या खोलीची जबाबदारी आता तिच्याकडे होती. संसाराची पंधरा वर्षं उलटल्यावर मिळालेलं हे पहिलं काम, आणि 'मला आवडतं' हे कारण सासरी मोठ्यानं सांगायची तिला सवय नव्हती.

उन्हाळ्यात प्रयोगशाळेची बस बंद झाली. शेअर रिक्षात चौथी बाई होऊन अर्ध्या मांडीवर बसून जाण्याचा कंटाळा आला, तेव्हा प्रेमराजच म्हणाला, "इलेक्ट्रिक घेऊन टाक ना. स्वस्तातली बघ एखादी." दिपमालाला ते एकदम पटलं. लग्नाआधी धरणगावात वडिलांची लुना तिनं कापसानं भरलेल्या गाड्यांच्या मधून काढलेली होती. हात विसरत नाहीत.

जळगावच्या शोरूममध्ये अतिक नावाचा तिशीतला माणूस होता. बोलका, पण खोटं न बोलणारा. त्यानं आधी सर्वांत स्वस्त गाडी दाखवली. हळू चालणारी, लायसन न लागणारी.

"हायवेवर ट्रक मागं लागला तर ही काय करेल?" दिपमालानं विचारलं.

"बाजूला होईल, मॅडम."

"आणि बाजूला खड्डा असला तर?"

अतिकनं ती गाडी स्वतःच मागे ढकलली. उरल्या दोन. एक लहान बॅटरीची. बॅटरी काढून हातात घेऊन घरी नेता यायची. दुसरी मोठ्या बॅटरीची. लांब पल्ल्याची, पण बॅटरी आतच घट्ट बसवलेली, गाडी सॉकेटजवळ उभी केल्याशिवाय चार्ज न होणारी. दोन्हींची किंमत बजेटात कशीबशी बसत होती. पहिलीबद्दल दिपमालानं विचारलं, "एका चार्जमध्ये किती जाते?"

"कंपनी म्हणते ऐंशी."

"कंपनी मे महिन्यात जळगावला येते का?"

अतिक हसला. "नाही. मे महिन्यात पन्नास धरा. मागे कोणी बसलं तर त्याहून कमी."

मग तिनं ती बॅटरी काढायला लावली आणि उचलून शोरूमच्या जिन्यानं वर गेली, खाली आली. मेहरूणचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर होता. पार्किंगमध्ये सॉकेट नव्हतं आणि सोसायटी बसवू देत नव्हती. श्वास जरा वाढला, पण हात भरून आले नाहीत.

"आजपर्यंत गिऱ्हाईक गाडीवर चक्कर मारायचं," अतिक म्हणाला. "बॅटरीला फिरायला नेणारं गिऱ्हाईक पहिलंच." आणि वही उघडून त्यानं साधा प्रश्न विचारला: "बरं मॅडम, रोजचं रनिंग किती?"

दिपमाला आकडे तोंडपाठ असणारी बाई. पण इथे कोणता आकडा सांगायचा? मेहरूण ते नशिराबादच्या पलीकडे, की देवपूर ते सोनगीरच्या पुढे?

"ठरायचंय," ती म्हणाली.

पुढच्या शनिवारी ती परत गेली, त्याच्या पुढच्याही. दर वेळी टायर, ब्रेक, सीटखालची जागा सगळं पाहून झालं, की तो प्रश्न यायचा आणि ती पर्स उचलायची. "मॅडम, तुमची आता इथे हजेरी लावतो," अतिक म्हणाला.

फोनवर प्रेमराज म्हणाला, "एवढा कसला विचार करतेस? मोठी बॅटरी घे. दोन्हीकडे चालेल."

त्या रात्री तिनं शांतपणे गणित मांडलं. मोठी बॅटरी जळगावात चार्जच होणार नव्हती. लहान बॅटरी सोनगीरहून परत येताना वाटेत बसणार होती. दोन्हीकडे चालेल अशी गाडी बाजारात नव्हती. तिनं ती मनापासून शोधली होती, कारण ती सापडली असती तर काही बोलावंच लागलं नसतं. गणित सुटलं तेव्हा तिला बरं वाटलं. आपल्याला काय हवं आहे, हे तिला पहिल्यापासून माहीत होतं. फक्त ते तिनं अजून कोणाला सांगितलं नव्हतं.

आणि मग कानबाई आली, आणि धुळ्याच्या भिंतीत हे सॉकेट.

"येत्या रविवारी मी जळगावले येस," भिकुबाईंनी जाहीर केलं. "गाडी लेतांना घरनं मोठं माणूस पाहिजे."

तर रविवारी तिघं शोरूममध्ये पोचली. भिकुबाईंच्या पिशवीत नारळ होता, हळदकुंकू होतं. त्यांनी दोन्ही गाड्यांना फेरी घातली, सीट दाबून पाहिली आणि अतिकला विचारलं, "भाऊ, मांगे बसेल बाईनी कोठे धरानं?"

"हे हँडल आहे ना, आजी."

"हाई तं टोपलीना कान शे. धरी तं देखू." आणि लुगडं सावरून त्या लहान गाडीवर मागे एका बाजूनं बसल्या. "चाल, दिपा. फिरी येऊत."

प्रेमराज म्हणाला, "माय, पडशी." भिकुबाईंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

दिपमालानं हेल्मेट घातलं. गाडी आवाज न करता निघाली, तेव्हा भिकुबाईंनी तिच्या खांद्याला घट्ट धरलं. तलावाच्या रस्त्याला लागेपर्यंत पकड सैल झाली. मेहरूणचा तलाव काठोकाठ भरला होता. मुलं भुट्टे खात कठड्यावर बसली होती.

"आवाजच करत नही व ही," भिकुबाई म्हणाल्या. "चालू शे ना?"

"चालू आहे, आई."

"मंग तूच का बंद शे? कानबाईपाईन देखी ऱ्हायनू. तोंड असं, जसं दुखणं शे."

दिपमालानं गाडी कठड्याशी घेतली, पाय टेकले. मागे वळली नाही. पुढे बघत बोलणं सोपं होतं. "आई, तुम्ही कोपरा सारवला, एवढं सॉकेट बसवलं. अर्थिंगसुद्धा केलं. ते पाहिल्यापासून माझ्या—"

"सॉकेट भितले लायेल शे," भिकुबाई म्हणाल्या. "तुन्हा पायले नही."

मागून हात पुढे आला आणि हेल्मेटवर टपली बसली.

"आते चाल. तो पोरगा घाबरी जाई, मायले पाडं म्हनी."

ती गाडी वळवून निघाली. त्या बोलण्यानं ओझं हलकं झालं, हे खरं. पण सासूबाई काही न बोलता बसल्या असत्या तरी आज ती बोलणारच होती, हेही तितकंच खरं. ते तिला परतीच्या उतारावर, ब्रेक हळूच दाबताना स्वच्छ कळलं. आईंना तर कळलंच होतं. आता फक्त त्या माणसाला सांगायचं होतं, ज्याच्याशी ती गेली तीन वर्षं दर शनिवारी बाकी सगळं बोलत आली होती.

शोरूमच्या दारात प्रेमराज उभा होता. आई धड उतरलेली पाहून त्यानं सुटकेचा श्वास सोडला आणि लगेच मोठ्या गाडीकडे गेला. "हीच घ्यायची ना मग? सोनगीरचं अंतर आरामात जाईल. घरी सॉकेटही आहे."

अतिकनं वही उघडली. पेनचं टोपण काढता काढता दिपमालाकडे पाहून तो जरा हसला, कारण पुढे काय होतं ते त्याला पाठ होतं. "तर मॅडम. रोजचं रनिंग?"

"तिकडचं धरलं तर—" प्रेमराज सांगू लागला.

"तिकडचं धरू नका," दिपमाला म्हणाली.

तिनं हेल्मेट काढून लहान गाडीच्या सीटवर ठेवलं. पर्स उचलली नाही. भिकुबाई पिशवीतून नारळ काढून त्याची शेंडी सोडवत बसल्या होत्या. त्यांचे हात थांबले नाहीत.

"मेहरूण ते नशिराबादच्या पुढे, जाऊन येऊन. लिहा," ती अतिकला म्हणाली. मग ती नवऱ्याकडे वळली. आवाज नेहमीचाच होता, प्रयोगशाळेत नव्या मुलींना बाटली कशी धरायची ते सांगताना असायचा तसा.

"अहो, मी धुळ्याला येणार नाही. तुम्ही बदली मागून घ्या, नाहीतर शनिवारी येत राहा, मी वाट बघेन. पण मला माझं काम आवडतं, आणि मी जळगावलाच राहणार आहे."