उजव्या बाजूचं कापड

तोंडात टाचण्या धरून आई गुडघ्यांवर बसली आणि निळ्या पोशाखाची उजवी शिवण तिनं चिमटीत पकडली. लेक शिलाई मशीनशेजारी हात वर करून उभी होती. जिम्नॅस्टिकच्या निवडचाचणीचा हा पोशाख पूर्ण करायचा की नाही, ते अजून ठरलं नव्हतं. तरी दोघी मापं घेत होत्या, कारण दुसरं काय करावं तेही सुचत नव्हतं.

संध्याकाळपर्यंत हॉस्पिटलला हो की नाही ते कळवायचं होतं. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला तेव्हा पोरीचा कणा वाकड्या शिवलेल्या चेनसारखा दिसला होता. ऑपरेशन करून, सळ्या आणि स्क्रू घालून पाठ सरळ करता येईल, म्हणाले, पण मग ती वाकणार नाही. खेळ संपला. नाही केलं तर बाक वाढत जाईल आणि पुढं श्वास घेणं अवघड होईल. मग त्यांनी आईकडे बघून विचारलं होतं, "इतके दिवस घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

तो प्रश्न तेव्हापासून तिच्या काळजात रुतून बसला होता. अख्ख्या गल्लीचे कपडे ती शिवायची. येणाऱ्या बाईचा कुठला खांदा उतरलाय हे तिला दारातूनच कळायचं. पोरीची उजवी बाजू फुगतेय हेही तिच्या कात्रीला कधीच कळलं होतं. सारखी त्याच हातावर उलटते, म्हणून तिकडचं अंग भरलं, असं ती धरून चालली आणि पाठीला उजवीकडे कापड थोडं जास्त ठेवत गेली. वर खांद्यापासून कमरेपर्यंत एक पांढरी पट्टी अशी बेतून लावायची की बघणाऱ्याची नजर सरळ खाली उतरावी. गेल्या स्पर्धेत एक परीक्षक बाई मुद्दाम येऊन म्हणाल्या होत्या, काय सरळ पाठ आहे हो मुलीची. आईला तेव्हा आभाळ ठेंगणं झालं होतं.

बाबा दारात येऊन उभे राहिले. सकाळपासून ते फोन कानाला लावून फिरत होते.

"तिचे सर म्हणतात, निवड होऊन जाऊ दे, मग बघू."

"सरांच्या पाठीत नाही घालायच्यात सळ्या," आई टाचण्यांच्या फटीतून म्हणाली.

"मग तू सांग."

तिनं शिवणीत आणखी एक टाचणी टोचली.

"तुम्ही दोघी ठरवा," म्हणून बाबा गॅलरीत गेले. रडायचं झालं की ते तिकडेच जायचे, आणि घरात सगळे आपल्याला काही माहीत नसल्यासारखे वागायचे.

लेकीनं हात खाली घेतले.

"आई, तू ऑपरेशनला नको म्हण ना. बाबा तुझं ऐकतील."

"मी कशी सांगू?"

"आत्तापर्यंत नाही का सांभाळून घेतलंस?" तिचा आवाज खाली आला. "तू उजवीकडे कापड वाढवायचीस. दर वेळी थोडं थोडं. मला आरशात दिसायचं. वाटलं, आईला कळलंय, पण माझा खेळ बंद पडू नये म्हणून बोलत नाहीये. मग मीही नाही बोलले. दुखायचं तरी."

आईच्या हातातली शिवण सुटली. दुखायचं, हे ती पहिल्यांदाच ऐकत होती. तिनं तोंडातल्या टाचण्या एकेक करून पिनकुशनमध्ये टोचल्या. सगळ्या संपेपर्यंत तिला मान वर करता आली नाही. मला काहीच माहीत नव्हतं गं, हे अगदी ओठांवर आलं होतं, आणि ते खरंही होतं. पण पोरगी ज्या भरवशावर दुखणं गिळत राहिली, तो भरवसा कधी नव्हताच, हे तिला आज कसं सांगायचं?

"तुला माहीत होतं ना?"

"होतं," आई म्हणाली.

लेकीचा चेहरा सैल झाला.

"मग अजून एकदाच. चाचणीपुरतं."

आईनं उजव्या शिवणीवर बोट ठेवलं. आत दुमडून ठेवलेलं सगळं कापड तिनं आधीच सोडलं होतं. दोरा धरेल एवढंही आता तिथं उरलं नव्हतं.

"हे बघ. पुरत नाही आता."

"दुसरं आण."

"आणीन. पण झाकता नाही येणार, बाळा. मला नाही येणार."

लेकीनं आरशात बघत उजव्या शिवणीवरून हात फिरवला. ती रडली असती तर आईला बरं वाटलं असतं.

"डॉक्टर म्हणाले, नंतर उंची थोडी वाढते."

"हो."

"मग हा पोशाख तसाही होणार नाही मला."

आईनं गॅलरीकडे न बघताच हाक मारली.

"अहो, हो म्हणून कळवून टाका त्यांना."

लेकीनं हात पुन्हा वर केले, आणि आई पोशाखाला लावलेल्या टाचण्या काढून सवयीनं ओठांत धरू लागली.

"आई, तुला नक्की माहीत होतं ना?"

टाचण्या तोंडात असतानाही आई दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलायची. आत्ता तिनं नुसती मान डोलावली.