‘विपान’च्या मागच्या फळ्या

टूरे बुडाला की पळून गेला, यावर आमच्या गावात दोन तट होते. बुडाला म्हणणारे थोडे. पळाला म्हणणारे जास्त, कारण तरुणपणी तो एकदा खरंच गेला होता. कोणाला काही न सांगता अख्खा हिवाळा सीमेपलीकडे नॉर्वेत काढला आणि बर्फ वितळल्यावर परत आला. त्याच्या बायकोने, सिग्नेने, तेव्हा त्याला दारातून आत घेतलं. दुसऱ्या वेळी मात्र नुसती होडी परत आली. सप्टेंबरातला, वारा पडलेला दिवस होता. बाहेरच्या बेटांपाशी ‘विपान’ उभी सापडली. शीड चढवलेलं, पण ओल्या धुण्यासारखं लोंबत. आत स्टोव्हवरची किटली कोरडी होऊन काळी पडलेली. टूरे कुठेच नाही. पोलिसांनी बेटं पालथी घातली. मग कोणीतरी म्हणालं, सीमेपलीकडच्या बाजारात त्याला एका बाईबरोबर पाहिलं. झालं, गावाचा शोध तिथेच संपला.

होडी खाडीत ओढून आणल्यावर सिग्नेने ती घरामागच्या शेडमध्ये घालायला लावली, मागची बाजू भिंतीला टेकवून. वर ताडपत्री टाकली आणि कोणाला हात लावू दिला नाही. सहा-सात हिवाळे गेले.

मग एका मार्चमध्ये सिग्ने माझ्या बहिणीच्या, मायवोरच्या दारात आली. मायवोरचा नवरा होल्गर टपाल खात्यातून नुकताच निवृत्त झाला होता आणि होडी घ्यायची म्हणून सगळ्यांचं डोकं खात होता.

“तुला होडी हवी होती ना?” सिग्ने त्याला म्हणाली. “माझी घेऊन जा. मला ती शेड मोकळी हवी.”

कॉफीलासुद्धा ती थांबली नाही. होल्गर हरखला. मायवोर नाही.

“जिने आपला माणूस परत आणला नाही, तिच्यात तू मला बसवणार?”

“तुला बसवायचं कोण म्हणालं? तुला घासायचीय.”

विपान म्हणजे टिटवी. जुन्या पद्धतीची, पाइनच्या फळ्यांची लाकडी होडी. पुढची नाळ निमुळती आणि मागची बाजू चांगली उंच. माझं होड्या दुरुस्तीचं आवार आहे, म्हणून ती माझ्याकडेच आली. ट्रॅक्टरने आणली आणि घाईत पुन्हा मागची बाजू कुंपणाकडे करूनच ठोकळ्यांवर बसवली. इतकी वर्षं कोरडी राहिल्याने फळ्या आक्रसल्या होत्या. सांध्यांमधून पलीकडचा उजेड दिसत होता. आम्ही आतून सुरुवात केली.

केबिनमध्ये मला पहिल्या दिवसापासून बरं वाटत नव्हतं. सगळं वाळून खडखडीत झालेलं, पण मागच्या बाकावरची गादी तेवढी ओली. मायवोरने ती बाहेर काढून उन्हात टाकली, संध्याकाळी कोरडी ठणठणीत आत ठेवली. सकाळी हात लावला तर ओली.

“छप्पर गळतंय,” होल्गर म्हणाला.

“पाऊस कुठे झालाय?”

“मग दव असेल.”

मायवोरने बोट लावून चाटून पाहिलं. “दव खारट असतं का रे?” होल्गरने गादी जाळून टाकली आणि नवी शिवून घेऊ म्हणाला.

इस्टरनंतर बाहेरचं काम काढलं. सुकाणू उतरवायचं होतं, म्हणून क्रेनने होडी उचलून फिरवली. शेडमधल्या धुळीचा आणि बुरशीचा काळा थर मागच्या बाजूला चिकटलेला होता. होल्गर खरवडणी घेऊन बसला. थोड्या वेळाने खरवडण्याचा आवाज थांबला, आणि बराच वेळ थांबलेलाच राहिला, म्हणून मी हातातलं काम टाकून बघायला गेलो.

“सिक्स्टन, हे बघ. उंदराने कुरतडलंय का?”

सुकाणूच्या डावीकडे, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, फळीत एक खाच होती. पायाची बोटं मावतील एवढी रुंद, आणि खालची कड आत उतरती. तिच्या वीतभर वर दुसरी, तेवढी खोल नाही. त्यावर तिसरी. तिसरी म्हणजे नुसते ओरखडे, वेडेवाकडे, एकावर एक.

उंदीर असलं काही करत नाही. खडकावर आपटूनही असं होत नाही. मी आयुष्यभर लाकूड तासलंय. चाकूने तासलेलं लाकूड मला कळतं. टूरेचा चाकू कायम कमरेला दोरीने बांधलेला असायचा, हे गावात सगळ्यांना माहीत होतं.

होल्गरला माझ्या चेहऱ्यावरूनच कळलं. तो खालच्या दगडावर बसला. टूरे नाहीसा झाला त्या दिवशी वारा नव्हता. चहाचं पाणी ठेवून टूरे मागच्या बाजूला काहीतरी करायला गेला असेल आणि तोल गेला असेल. होडी पुढे गेली नाही. त्याच्या डोळ्यांसमोर उभी राहिली. पण कड हाताला येईना, आणि होडीला शिडी नव्हती. म्हणून त्याने पायऱ्या खोदायला घेतल्या. गार पाण्यात, एका हाताने सुकाणू धरून. दोन झाल्या.

मायवोर आली. तिला सांगावं लागलं नाही. तिने खाचेत बोटं घातली आणि लगेच काढली.

“मी खाचांत लांबी भरतो,” होल्गर म्हणाला. “वर रंग मारतो. कोणाला कळणार आहे?”

“मला कळलंय.”

“सिग्नेला सांगून काय मिळणार? म्हातारपणी तिला हे दाखवायचं?”

“ती सहा-सात वर्षं समजतेय की तो तिला टाकून गेला. ते काय चांगलं आहे?”

“निदान ते सवयीचं झालंय.”

दोघं माझ्याकडे बघू लागली. मी म्हणालो, होडी तुमची आहे. हे बोलून मला बरं वाटलं नाही, पण दुसरं सुचलं नाही.

मायवोर स्वतः जाऊन सिग्नेला घेऊन आली. सिग्ने रविवारचा कोट घालून आली होती. मी स्टूल पुढे केलं. तिला नको होतं. ती वाकली आणि खालच्या खाचेवरून अंगठा फिरवला, मग वरच्या. तिसऱ्या ठिकाणी तिने तळहात नुसता ठेवला आणि तशीच उभी राहिली.

“हा त्याचाच हात,” ती शेवटी म्हणाली. “कुठलंही काम अर्धं टाकायचा.”

कोणी हसलं नाही. तीही नाही.

“सिग्ने, मला वाटलं तुला कळायला हवं,” मायवोर म्हणाली.

“हो. बरं केलंस.” मग ती माझ्याकडे वळली, जणू मलाच विचारायचं होतं. “इतकी वर्षं रोज सकाळी मी त्याला शिव्या घालत उठलेय, सिक्स्टन. राग होता तोवर तो घरात असल्यासारखा होता. आता मी उठून काय करू?”

मी खाचा भरायच्या का, ते विचारलं. ती म्हणाली, होडी तुमची, पाणी आत येत असेल तर भरा. पाणी येण्यासारखं नव्हतं. आम्ही आतून ओकची पट्टी ठोकून फळी मजबूत केली, बाहेरून पातळ रंगाचे हात दिले. खाचा दिसत राहिल्या. होल्गरने मागच्या बाजूला घडीची लोखंडी शिडी बसवली, सोडली की पाण्याखाली चांगली दोन पायऱ्या जाईल अशी.

मेअखेर विपान पाण्यात उतरली. दोन दिवस गळली, मग लाकूड फुगलं आणि सांधे मिटले. पहिल्या फेरीला सिग्ने येते म्हणाली. कुठे जायचं, ते तिने सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. होल्गर सुकाणूवर, मी दोरांपाशी, मायवोर मध्ये, आणि सिग्ने मागच्या बाकावर, पाठीमागे तोंड करून. बाहेरच्या बेटांपर्यंत छान वारा होता. तिथे पोचलो आणि तो पडला. असं होतं तिथे, उंच कातळ आडवे येतात. शीड लोंबू लागलं. भर दुपारचं ऊन, पाणी काचेसारखं, पक्षीसुद्धा गप्प.

होल्गर इंजिन सुरू करायला वाकला. मायवोरने त्याचा दंड धरला. मग तीच उठली, मागे गेली आणि शिडी पाण्यात सोडली.

आम्ही वाट पाहत बसलो. कशाची, हे कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. आणि मग होडीची मागची बाजू खाली बसली. थोडीशीच, कोणी जडसा माणूस पहिल्या पायरीवर पाय देईल तेवढी. शिडीचं लोखंड करकरलं. आम्ही चौघंही जागचे हललो नव्हतो. मी होल्गरकडे पाहिलं. तो पांढराफटक पडला होता. दुसऱ्यांदा करकरलं, जरा वर.

सिग्नेने कोट आवरला आणि बाकावर सरकून शेजारी जागा केली.

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. वारा आला तो जमिनीकडून, शीड भरलं आणि होडी निघाली. सिग्ने परतीच्या वाटेवर त्या रिकाम्या जागेकडे एकदाही बघत नव्हती. समोर बघत होती, बसमध्ये शेजारी ओळखीचं माणूस असताना बसतात तशी. धक्क्याला लागल्यावर ती माझा हात धरून उतरली आणि म्हणाली, “गुरुवार आहे. दर गुरुवारसारखं वाटाण्याचं सूप केलंय. जाते मी.”

“आम्ही येऊ का सोबत?” मायवोरने विचारलं.

“आज नको.”

ती चढावरून घरी गेली. मायवोरने बाक पुसायला फडकं घेतलं, बघितलं आणि तसंच खाली ठेवलं. सिग्नेच्या शेजारची जागा ओली होती.

त्या शरद ऋतूत सिग्नेने चर्चच्या आवारात टूरेच्या नावाचा दगड बसवला. इतकी वर्षं पाद्री विचारायचा आणि ती नाही म्हणायची. बाजारात पाहिला म्हणणारे लोकही दगडापाशी टोप्या काढून उभे राहिले. होल्गर उन्हाळाभर विपान चालवतो, चांगली चालवतो, पण एकट्याने कधी नेत नाही. मायवोरला वेळ नसला की माझ्याकडे येतो. मी कामात असलो तरी जातो.