बॉयलर थांबत नव्हता, मामाही

आमच्या आजीच्या बेसिनला दोन नळ आहेत. एकातून बर्फासारखं पाणी येतं, दुसऱ्यातून गरम. कोमट हवं असेल तर हात या नळाखालून त्या नळाखाली भराभरा फिरवायचे. इंग्लंडमधलं आमचं अख्खं हॅलिफॅक्स गाव असंच हात धुऊन मोठं झालं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. पण नाताळ झाला आणि गरम नळाने ताळतंत्रच सोडलं. त्या पाण्यात अंडं उकडता येईल, असं आजी म्हणाली. मी उकडून पाहिलं. पांढरं जेमतेम धरलं, बलक वाहता राहिला. आजीने तेच टोस्टला लावून खाल्लं.

स्वयंपाकघरातला बॉयलर पाणी तापवतो आणि वरच्या मजल्यावरच्या कपाटातल्या तांब्याच्या टाकीत ते साठतं. टाकी पुरेशी तापली की बॉयलरने गप्प बसायचं असतं. हा बसतच नव्हता. प्लंबर आला, एक व्हॉल्व्ह बदलला, चहा प्यायला, गेला. बॉयलर गुरगुरतच राहिला.

क्लाइव्हमामाला तेवढंच निमित्त पुरलं. "आई, तुला हे घर झेपत नाही," हे वाक्य तो आजोबा गेल्यापासून दर रविवारी जेवताना म्हणतो, जणू ते मिठासारखं ताटात वाढायचंच असतं. म्हाताऱ्या माणसांसाठी बांधलेल्या एका इमारतीत त्याने आजीसाठी खोली हेरून ठेवली होती. शेवटी एका रविवारी आजीने सुरी खाली ठेवली आणि म्हणाली, "पुढच्या रविवारचं जेवण उरकेपर्यंत हा बॉयलर वठणीवर आला नाही, तर येते मी तुझ्या त्या कोंडवाड्यात राहायला. झालं?"

"शब्द?"

"शब्द."

आजी शब्द फिरवत नाही. आजोबांशी लग्नसुद्धा दिलेला शब्द फिरवता येईना म्हणूनच केलं, असं ती सांगते.

मी नुकतीच पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन, नोकरी शोधते आहे असं सांगत तिच्याकडे राहत होते. त्यामुळे ते घर जाणं मलाही परवडणारं नव्हतं. तरी खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा आजीची काळजी होती. जिथे कुणाला विचारल्याशिवाय पडदेही बदलता येत नाहीत, तिथे ती आठवडाभरात कुणाचा तरी खून करेल.

ठरलेल्या रविवारी मामा सकाळीच हजर झाला आणि जिन्यात ठाण मांडून बसला.

"काय शास्त्रज्ञबाई, लागला का शोध?"

"मामा, पाय घे मधून."

मी आधी बॉयलरचा भिंतीवरचा टायमर बंद केला. खालून, मांस भाजत ठेवलेल्या ओव्हनपासून, आजी ओरडली, "थांबला गं!"

टायमर पुन्हा चालू केला.

"सुरू झाला मेला!"

म्हणजे बॉयलर आज्ञाधारक होता. थांब म्हटलं की थांबत होता, व्हॉल्व्हही बंद होत होता. प्रश्न एवढाच, की पाणी तापल्यावर त्याला 'आता पुरे' कुणी सांगत का नव्हतं? ते काम टाकीला बांधलेल्या थर्मोस्टॅटचं. काडेपेटीएवढी डबी, तांब्याला चिकटून बसते आणि टाकी तापली की बॉयलरला गप्प करते.

मी जिन्याच्या टोकाचं ते टाकीचं कपाट उघडलं. सगळ्यांच्या घरात असतं तसंच होतं. टाकीच्या उबेला रचलेले टॉवेल, चादरी, आजीच्या बनियन. ते सगळं मामाच्या मांडीवर रचलं, तेव्हा कुठे टाकी दिसली. टाकीने निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा जाड लोकरी झगा घातला होता.

यात नवल नव्हतं. आमच्या आजीला उघडी वस्तू बघवत नाही. किटलीला टोपडं, अंड्यांना टोपडी, संडासातल्या कागदाच्या जादा गुंडाळीलाही टोपडं. या नाताळात टाकीचा नंबर लागला होता. आणि त्या झग्यावर, छातीवर ब्रूच लावावा तसा, थर्मोस्टॅट बसवलेला होता. लोकरीच्या वर.

मी झग्याला बाहेरून हात लावला. कोमट. आत हात घातला आणि किंचाळले.

"काय झालं?" मामा उठला. बनियन जिनाभर सांडल्या.

"टाकी भाजतेय, पण थर्मोस्टॅटला पत्ताच नाही. तो लोकरीवर बसलाय. त्याला वाटतंय पाणी अजून तापलंच नाही, म्हणून तो बॉयलरला थांब म्हणतच नाही."

मामाचा चेहरा नाताळच्या झाडासारखा उजळला. "म्हणजे आईच्या विणकामाने झालं हे! मी काय म्हणत होतो? झेपत नाही तिला. शेवटी स्वतःच्याच हाताने..."

दोष त्या व्हॉल्व्हचा निघाला असता तर फार बरं झालं असतं.

आजी ग्रेव्हीचा डाव हातात घेऊन जिना चढत आली होती. तिने टाकीकडे पाहिलं, मग मामाकडे.

"विणला मी," ती म्हणाली. "चढवला कुणी?"

"आता ते काय..."

"रोवेना, तो पट्टा कशाने बांधलाय बघ."

थर्मोस्टॅटचा पट्टा लोकरीवरून पुरला नव्हता. त्याला भेटवस्तूवरच्या सोनेरी फितीचा तुकडा जोडला होता आणि त्याला एक सुरेख, घट्ट गाठ होती. ती गाठ मामा लहानपणी स्काउटमध्ये शिकला. नाताळच्या पार्सलांवरही दरवर्षी तीच असते.

"'आई, स्टुलावर चढू नकोस, पडशील,' म्हणालास," आजी म्हणाली. "डोक्यावर नाताळचा कागदी मुकुट, पोटात तीन ग्लास शेरी. सगळं काढून पुन्हा बांधलंस आणि वर म्हणालास, 'बघ, आता गॅस वाचेल.'"

मामा बनियन गोळा करू लागला. इतक्या मन लावून त्याने आजवर कुठलंच काम केलं नव्हतं.

मी गाठ सोडली, झगा वर सारला, थर्मोस्टॅट तांब्याला टेकवून पट्टा आवळला. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग डबीतून एक बारीक 'टक्' ऐकू आलं आणि खालची गुरगुर थांबली. नाताळापासून त्या घरात इतकी शांतता आम्ही ऐकलीच नव्हती. ओव्हनमधली चरबी तडतडत होती तेवढीच.

"चला, फुगलेली यॉर्कशर पुडिंग खाली बसतील," आजी म्हणाली आणि खाली गेली.

टेबलावर मामा खाली मान घालून जेवत होता. इमारतीचं नाव नाही, खोलीचं नाव नाही. मला त्याची दया येणार, तेवढ्यात एक गोष्ट आठवली.

"आजी, असे झगे तू दोन विणले होतेस ना? दुसरा कुठेय?"

"ह्याला दिला की. नाताळची भेट."

आम्ही दोघींनी मामाकडे पाहिलं. त्याने बटाटा गिळला.

"मामा, तुझ्या नळाला पाणी कसं येतं हल्ली?"

"येतं की," तो ताटाकडे बघत म्हणाला. "चांगलं... कडकडीत येतं."

आजीने त्याच्या खाऱ्या, वाटीसारख्या पुडिंगवर आणखी ग्रेव्ही ओतली, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि अतिशय मायेने म्हणाली, "रोवेना, जेवण झालं की मामाबरोबर जाऊन ये गं. एकट्याला झेपत नाही त्याला."