मोरिवलीकडे तोंड केलेला कर्णा

मित्रांनो, कॉलेजच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून, कावळ्यांची शिट अंगावर मिरवत जो पत्र्याचा जुना कर्णा बसला आहे ना, तो मी. तुमच्यातले काही जण मला भोंगा म्हणतात. म्हणा बापडे. पण माझ्या अंगावर लाल अक्षरं अजून वाचता येतात, 'माजी विद्यार्थी संघाकडून सप्रेम भेट', आणि भेट आलेल्या वस्तूला कुणी असं घालूनपाडून बोलत नाही.

माझा जन्म उल्हासनगरचा. कॅम्पातल्या एका शेडमध्ये ॲल्युमिनियमचा गोल पत्रा लेथवर फिरवून, दाबून दाबून कारागिराने माझं तोंड रुंद केलं. दुखलं फार, पण तोंड मोठं असल्याशिवाय या जगात कुणी विचारत नाही, हे मला तिथेच कळलं. मग एक दिवस श्रीपादराव आले. कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले, आता इथल्याच, अंबरनाथच्या एका कारखान्यात साहेब. दुकानाचा सिंधी मालक म्हणाला, "ले जाओ साईं, आवाज सीधा कल्याण तक जाएगा." श्रीपादराव हसून म्हणाले, "कल्याण कशाला? कॉलेजमागच्या मोरिवली गावापर्यंत गेला तरी पुष्कळ!"

ही १९८२ सालची गोष्ट. तेव्हा माजी विद्यार्थी संघ म्हणजे सात-आठ डोकी. रविवारी शिवमंदिराचं दर्शन झालं की बाहेरच्या टपरीवर चहा घ्यायचा आणि 'आपल्या कॉलेजसाठी काहीतरी केलं पाहिजे' असं म्हणायचं. त्या म्हणण्यातून पहिलं जे काही झालं, तो मी. झेंडावंदनाला माझ्यातून पहिली आज्ञा सुटली तेव्हा आवारातल्या सगळ्या चिमण्या एकदम उडाल्या. प्राचार्यांनी माझ्याकडे मान वर करून पाहिलं. मला तर स्वर्ग दोन बोटं उरला.

माझ्यामागून संघाने पाण्याची टाकी दिली, बाकं दिली, खेळाच्या ढाली दिल्या. जे जे दिलं त्यावर नाव घातलं. सभासद वाढले. कॉलेजने संघाला आधी एक कपाट दिलं, मग कपाटाला खोली दिली. मग गॅदरिंगला पुढच्या दोन रांगा संघाच्या झाल्या. मग पाहुणा कोण बोलवायचा, नाटक कोणतं बसवायचं, कोणत्या मुलाला सेक्रेटरी करायचं, हेही संघ ठरवू लागला. मुलं तर प्राचार्यांपेक्षा संघाच्या माणसांना जास्त घाबरत. चहापेक्षा किटली गरम म्हणतात, ती ही.

आणि मग संघाने फिशपाँड हातात घेतले.

तुमच्या कॉलेजात अजून असतील तर तुम्हाला माहीत असेल. गॅदरिंगच्या आठवड्यात ऑफिसबाहेर एक डबा ठेवायचा. ज्याला ज्याची थट्टा करायची असेल त्याने दोन ओळी जुळवून, स्वतःचं नाव न घालता, डब्यात टाकायच्या. शेवटच्या दिवशी त्या सगळ्यांसमोर वाचायच्या आणि ज्याच्या नावाने निघाल्या त्याने उभं राहून हसायचं. रडला तो हरला. पूर्वी हा डबा अण्णा घरी नेत. अण्णा म्हणजे मराठीचे सर. ते निम्म्या चिठ्ठ्या बंबात घालत आणि उरलेल्या स्वतः वाचत. त्यांच्यावरचीसुद्धा वाचत: 'अण्णा सरांच्या तासाला झोप येते गाढ, घंटा झाली की म्हणतात, आता पुस्तक काढ.' सभागृह हसे, अण्णाही हसत.

१९८५ साली श्रीपादराव म्हणाले, "सर, आता हे काम आमच्यावर सोपवा. तुम्ही फार सोवळं करता. आम्ही नाही का आमच्या वेळी खाल्ले फिशपाँड? मेलो का?" डबा संघाच्या खोलीत गेला. आणखीही एक बदल झाला. फिशपाँड सभागृहातच वाचत, त्यासाठी आत स्पीकरचे दोन लहान खोके होते. माझं काम झेंडावंदनाचं. पण त्या वर्षी श्रीपादरावांनी साउंडवाल्या बाळाला सांगितलं, "वरचा कर्णाही जोड. गावाला कळू दे, आपलं गॅदरिंग कसं असतं ते." बाळा गच्चीवर आला आणि त्याने माझं तोंड मोरिवलीकडे फिरवून तारेने घट्ट आवळलं. मी खुशीत होतो. खोटं कशाला बोलू?

मोरिवलीत त्या संध्याकाळी हळद होती. मांडव माझ्या अगदी समोर. सगळी भावकी जमलेली, बायका हळदीची गाणी म्हणत होत्या. मी सुरू झालो तशा त्या थांबल्या. माझ्यापुढे त्यांचा काय टिकाव!

चार-पाच चिठ्ठ्या झाल्या. मग श्रीपादरावांनी घसा खाकरून वाचलं:

"मोरिवलीची तुळशी उशिरा घरी जाते,
मधूच्या वहीतून कसले धडे घेते?"

आतून शिट्ट्यांचा पाऊस आला. "वन्स मोअर!" श्रीपादरावांनी पुन्हा वाचलं. कुणी ओरडलं, मागे ऐकू आलं नाही. त्यांनी बाळाला आवाज वाढवायला सांगितला आणि तिसऱ्यांदा वाचलं. वर स्वतःची पुस्ती जोडली, "तुळशी, लग्नाला संघाला विसरू नको हो!"

मांडवात कुणी हसलं नाही. मी वरून पाहत होतो. एक माणूस पाटावरून उठला आणि खांद्यावरचा टॉवेल सावरत एकटाच बाहेर पडला. तो भगवंत, तुळशीचा बाप.

आता त्या धड्यांचं सांगतो. तुळशी पहाटे आईबरोबर, गोदूबाईबरोबर, स्टेशनाजवळ भाजी विकायला बसे. त्यामुळे पहिला तास रोज बुडे. तो तास ती वर्गातल्या मधूच्या वहीतून उतरवून घेई, लायब्ररीत, सगळ्यांच्या देखत, लायब्ररी बंद होईपर्यंत. बस. एवढंच. तिच्या गावातून कॉलेजात आलेली ती पहिली मुलगी. भावकी म्हणत होती, पोरगी शिकवून काय कलेक्टर करणार काय? भगवंत एकटा म्हणत होता, शिकू दे. शेवटचं वर्ष होतं. परीक्षेला दोन महिने उरले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी भगवंत तुळशीला घेऊन फाटकाशी आला. फाटक माझ्या बरोबर खाली. श्रीपादराव, अण्णा आणि काही मुलं तिथेच उभी होती, मधूही होता. भगवंताने हात जोडले.

"सायेब, तुमी मोठी मानसं. माज्या पोरीचा नाव त्या भोंग्यातून घेतलाव. आता त्याच भोंग्यातून यकदा बोला, का ता खोटा व्हता. मी सांगला तर बाप म्हून बोलतो बोलतील. तुमी बोललाव तर भावकी ऐकंल."

"अहो भगवंतराव, फिशपाँड आहे तो," श्रीपादराव म्हणाले. "गंमत असते. हसायचं आणि सोडून द्यायचं."

"आमाला नाय हसता आला, सायेब."

"आणि खुलासा केला ना, तर लोक उलट म्हणतील, काहीतरी होतं म्हणूनच केला. तुमच्या भल्यासाठी सांगतो."

अण्णा पुढे झाले. "श्रीपाद, दोन शब्दांचं काम आहे. मी म्हणतो हवं तर. माइक दे."

"सर, माइक संघाचा आहे," श्रीपादराव हसतच म्हणाले. "आणि प्रयोगशाळेचे पत्रे गळतात, ते बदलायचंही संघानेच घेतलंय. आज याचा खुलासा, उद्या त्याचा. मग संघाला काय मान राहिला?"

अण्णांनी पुढे केलेला हात मागे घेतला. पत्रे खरंच गळत होते. भगवंताने मग मधूकडे पाहिलं. "तू तरी बोल रं. तुजीच वही ना?" मधूने आपल्या बुटांकडे पाहिलं. तुळशीने मान वर केली. ती माझ्याकडे पाहत होती. माझ्याकडे! जसं काही ते मी रचलं होतं. मांजराचा होतो खेळ, उंदराचा जातो जीव. पण उंदीर मांजराकडे पाहायचं सोडून त्याच्या गळ्यातल्या घंटेकडे पाहतो, हे मी त्या दिवशी पाहिलं. मला तिचा रागच आला.

परीक्षेला तुळशी बसली नाही. उन्हाळ्यात तिला बदलापूरच्या पलीकडच्या एका बिजवराला दिली, वीटभट्टीवर. गोदूबाई कॉलेजच्या कँटीनला भाजी घालायला येई, तिने एकदा फाटकाशी अण्णांना सांगितलं, "पोरीला दारात उभी करत नाय तिचा बाप. पयला माज्याशी भांडायचा, माजी पोर तशी नाय म्हून. आता बोलतो, एवढी शिकलेली मानसं, खोटा असता तर सांगितला नसता का?" अण्णा मान खाली घालून आत गेले. ते त्याच वर्षी निवृत्त झाले. निरोप समारंभात संघाने त्यांना शाल दिली आणि त्यांच्या गुणांचं वर्णन माझ्यातून केलं.

संघ वाढत गेला. सभासद शेकड्यांनी झाले, खोलीची इमारत झाली, इमारतीवर पाटी चढली. मधू पास झाला, कंपनीत लागला, बदलापूरला ब्लॉक घेतला आणि संघाचा चिटणीस झाला. बोलायला तो चांगलाच शिकला होता. माझ्या वाट्याला मात्र गंज आला. नवे मोठे खोके आले, मला कुणी विचारीना. एका कावळिणीने माझ्या तोंडात घरटं केलं, तेवढीच काय ती वर्दळ.

१९९६ साली कॉलेजला पंचवीस वर्षं झाली. आवारात मोठा मांडव पडला. श्रीपादराव आता अध्यक्ष, पोट सुटलेले. ते म्हणाले, "संघाची पहिली भेट वर धूळ खातेय, ती पुसून जोडा. आज तिच्यातूनच बोलायचं." मला पुसलं, लाल अक्षरं पुन्हा गिरवली, गळ्यात झेंडूची माळ घातली. मित्रांनो, इतक्या वर्षांनी कुणीतरी आपल्याला हात लावतं तेव्हा काय वाटतं, ते तुम्हाला म्हातारे झाल्यावर कळेल. तोंड माझं होतं तिकडेच राहिलं. तार गंजून बसली होती, ती काही फिरेना.

कार्यक्रमाआधी मांडवाच्या कडेला वृंदा मॅडम एका बाईला घेऊन आल्या. वृंदा तुळशीच्या वर्गातली, आता इथेच शिकवते. बाईच्या हाताला विटांच्या भाजणीचे डाग होते. मधू माइक तपासत होता, आवाज अजून अगदी बारीक होता, माझ्यापुरताच, म्हणून मला शब्द न् शब्द ऐकू आला.

"मधू, ही तुळशी," वृंदा म्हणाली.

"अगं! ओळखलंच नाही."

"माझं एकच काम आहे," तुळशी म्हणाली. "बाबा थकलेत. आज मी लांबूनच आईकडे निरोप धाडलाय, त्यांना घरच्या ओट्यावर बसव, तिथे भोंगा ऐकू येतो, म्हणून. तुम्ही एवढंच बोला, की ते खोटं होतं. दुसरं काही नको."

मधूचा चेहरा खरोखरच पडला. "बोलतो. मी स्वतः बोलतो. तेव्हाच बोलायला हवं होतं मी." आणि त्याने तिला हात धरून मांडवाच्या पुढच्या खांबाशी उभं केलं.

मधू उभा राहिला. मी गळा साफ केला. ओट्यावर भगवंत बसलेला मला दिसत होता, शेजारी गोदूबाई.

"मित्रहो," मधू म्हणाला, "आमच्या वेळचे फिशपाँड म्हणजे काय सांगू! माझ्यावर एक पडला होता. आपल्या अध्यक्षांनी तीनदा वाचला होता. आठवतोय का कुणाला? मोरिवलीची तुळशी..." आणि त्याने दोन्ही ओळी म्हटल्या, चांगल्या रंगवून, 'कसले धडे' वर थांबून.

मांडव फुटला. पुढच्या रांगेत श्रीपादराव मांडीवर थाप मारून हसले. मधूने हशा ओसरायची वाट पाहिली, पण हशा ओसरेना आणि तो त्याला गोड लागला. त्याच्या डोळ्यांत दुसरा किस्सा चमकला. "आणि अण्णा सरांचा आठवतो का?" तो म्हणाला. मग तिसरा. मग चौथा. मग अध्यक्षांचा सत्कार होता, वेळ संपली, टाळ्या झाल्या.

तुळशी खांबाला धरून त्याच्या पुढच्या वाक्याची वाट पाहत होती. खुर्च्या उचलायला माणसं आली तेव्हा वृंदाने तिचा हात सोडवला. ओटा तर केव्हाच रिकामा झाला होता.

मित्रांनो, माझ्या जातीच्या वस्तू शेवटी काहीतरी मागतात. छत्री म्हणते मला शिवा, सायकल म्हणते तेल घाला. मला यातलं काही नको. गंजू दे, कावळीण परत आली आहे, तिलाही राहू दे. मला फक्त एक वाक्य हवं आहे. ते मला स्वतःला म्हणता येत नाही, कारण माझं स्वतःचं असं काहीच मला बोलता येत नाही. तुमच्यातलं कुणी, अगदी कुणीही, गच्चीवर या, वायर जोडा आणि म्हणा, तुळशीबद्दल जे म्हटलं ते खोटं होतं. दोनदा म्हणा. भगवंत अजून संध्याकाळी ओट्यावर येतात. माझ्याकडे पाठ करून बसतात, पण त्यांना ऐकू येतं.