भिंतीपलीकडचा वर्ग

मब्रूकाला शाळा आठवली की सगळ्यात आधी भिंत आठवते. मातीत तळ्याकाठचे मिठाचे खडे मिसळून बांधलेली, उन्हात चमचमणारी, आणि जीभ लावली की खारट. तिसरीतल्या प्रत्येक पोराने ती एकदा तरी चाटली होती.

"चाटा, चाटा," नाहेदबाई म्हणायच्या. "असेच चाटत राहिलात तर पुढच्या वर्षी वर्ग उघड्यावर भरवावा लागेल."

बाई मूळच्या दूरच्या तांता शहरातल्या. सीवातल्या इद्रीसशी लग्न करून वाळवंटातल्या या खजुरीच्या गावात आल्या आणि इथल्याच होऊन गेल्या. त्यांनीच पोरांना तळ्याचं पाणी बरणीत भरून त्यात दोरा सोडायला शिकवलं. बरणी हलवायची नाही, बोट घालायचं नाही, नुसतं बघायचं. हळूहळू दोऱ्यावर मिठाचे चौकोनी खडे धरायचे. मब्रूका पुढे अलेक्झांड्रियात रसायनशास्त्र शिकली, आता पाण्याच्या प्रयोगशाळेत असते, पण त्या बरणीसमोर बसून जितकं आश्चर्य वाटलं तितकं पुन्हा कधी वाटलं नाही. खडूच्या धुळीने बाईंना सारखा खोकला यायचा. खोकता खोकताच त्या बरोबर उत्तर देणाऱ्याला घंटा वाजवायला पाठवायच्या. घंटा म्हणजे महायुद्धात उरलेलं तोफगोळ्याचं रिकामं नळकांडं.

त्या वर्षी खजूर उतरवताना इद्रीस झाडावरून पडला आणि गेला.

सीवात तेव्हा नवरा गेलेली बाई इद्दत, म्हणजे शोकाचे चार महिने दहा दिवस, संपेपर्यंत घूला, म्हणजे हडळच, मानली जायची. पांढरे कपडे घालून तिने बंद खोलीत बसायचं, कुणाच्या नजरेला पडायचं नाही. तिची नजर ज्याच्यावर पडेल त्याचं वाटोळं होतं म्हणत. इद्दत संपली की गावात दवंडी पिटायची, सगळ्यांनी दारं लावून घ्यायची, आणि तिने झऱ्यावर जाऊन आंघोळ करायची. त्यानंतरही तिची पहिली नजर वाईटच. ती नजर बहुधा सासू स्वतःवर घ्यायची. म्हातारीला आता काय व्हायचं राहिलंय, असा हिशेब.

नाहेदबाईंना सासू नव्हती.

शाळेला दुसरी शिक्षिका मिळेना. शेवटी शाळा चालवणाऱ्या हम्माद मास्तरांनी गावच्या शेखांकडे तोडगा मांडला. घूलाची नजर वाईट, आवाजाबद्दल तर कुणी काही म्हटलेलं नाही ना? शेख बराच वेळ दाढी कुरवाळत बसले आणि मग हो म्हणाले. त्या दिवसापासून बाई उजाडण्याआधी मागच्या दाराने वर्गाशेजारच्या कोठीत येऊन बसू लागल्या. मधल्या भिंतीला वर एक झरोका होता. पोरं रिकाम्या फळ्याकडे तोंड करून बसायची आणि झरोक्यातून शिकवणं यायचं.

"सनूसी, पाय बाकावरून खाली घे."

सनूसी उडालाच. "बाई, तुम्हाला दिसतंय?"

"दिसत नाही रे बाबा. पण तुझे पाय मला ठाऊक आहेत."

वर्ग खिदळला. भिंतीपलीकडे खोकल्याची उबळ आली, खुर्ची करकरली. मब्रूकाला हायसं वाटलं. घूला असल्या तरी आहेत बाईच.

"बाई, मग तुम्ही परत समोर येणार ना?" सनूसीने विचारलं.

पलीकडे बाईंनी खुर्ची झरोक्याखाली ओढली.

"झऱ्यावरून मी थेट वर्गात येईन," बाई म्हणाल्या. "वर्गात कुणी असलं तर राहीन. कुणीच नसलं तर सकाळच्याच ट्रकने तांत्याला जाईन. ज्या गावात माझ्याकडे बघायला कुणी नाही तिथे शिकवू कुणाला?"

असे काही महिने गेले. थंडी पडली तेव्हा मब्रूकाच्या एक गोष्ट लक्षात आली. बाईंचा खोकला थांबला होता. खुर्चीही वाजत नव्हती. आवाज तोच होता, पण कुठून येतो ते सांगता येत नसे. झरोक्यातून म्हणावं, तर ती बाकाला टेकून बसली की पाठीमागच्या भिंतीतूनही ऐकू यायचा. ओरडणं बंद झालं होतं. पुस्तकातलं तर काहीच नव्हतं. आवाज सांगायचा, वाळूखाली पाणी कसं वाट काढतं. खजुरीची मुळं खाऱ्या पाण्यातून गोड पाणी कसं गाळून घेतात. पोरं श्वास रोखून ऐकायची, सनूसीसुद्धा. मब्रूका पुढे हे सगळं मोठ्या ग्रंथांतून शिकली. त्यात भिंतीने सांगितलेलं एक वाक्य चुकीचं निघालं नाही.

मग एक दिवस दवंडीवाला ढोल बडवत गेला. उद्या सकाळी घूला झऱ्यावर जाईल हो, दारं लावून घ्या हो.

"बाबा, पहिलं कोण जाणार बाईंपुढे?" मब्रूकाने जेवताना विचारलं.

"जाईल कुणीतरी."

"कोण पण?"

"मी नाही. तुझी आई नाही. आणि तू तर नाहीच नाही."

"गुणाची बाई आहे हो ती," आई म्हणाली. "पोरीला केवढं शिकवलं तिने."

"मग तू जा की."

आई ताटातली मसूर निवडल्यासारखी चिवडत राहिली. कुणीच जाणार नाही, हे मब्रूकाला तेव्हाच कळलं.

सकाळी दाराला अडसर होता. ती गच्चीवर गेली, शेजारच्यांच्या गच्चीवर उतरली आणि तिथून गल्लीत. गल्लीत कुत्रंही नव्हतं. सगळ्या खिडक्यांची झडपं बंद, आणि प्रत्येक झडपेआड माणसं गप्प बसलेली. शाळेचं दार मात्र उघडं होतं. ती आपल्या बाकावर जाऊन बसली.

"लवकर आलीस, मब्रूका," भिंत म्हणाली.

तिला एकदम बरं वाटलं. बाई कोठीत आहेत. आंघोळ उरकून आल्या असतील.

"काल मुळांपाशी थांबलो होतो," आवाज म्हणाला. "मीठ बाहेर ठेवायचं आणि पाणी आत घ्यायचं, हे मूळ कसं ओळखतं? ऐक."

ती ऐकू लागली. ऐकता ऐकता तिची नजर खिडकीकडे गेली. खजुरींमधून झऱ्याची वाट दिसत होती, आणि त्या वाटेवरून एक बाई येत होती. केस ओले, हातात कापडी बोचकं. मधेच थांबून ती वाकून खोकली.

"बाहेर बघू नकोस," आवाज म्हणाला. जराही वर न चढता. "फळ्याकडे बघ. इथेच बघत राहिलीस तर तुला काही होणार नाही. मी रोज शिकवीन."

मब्रूकाने फळ्याकडे पाहिलं. खरं सांगायचं तर तिला ते हवं होतं. हा आवाज कधी रागावला नव्हता, कधी थकला नव्हता, आणि त्याला सगळं येत होतं. बाहेर पावलं अंगणात आली. उंबऱ्याशी थांबली. लांब बाजाराकडे ट्रकचा भोंगा वाजला.

"अजून थोडंच राहिलंय," भिंत म्हणाली. "ऐकतेयस ना?"

मब्रूकाने मान वळवली नाही, तसं उंबऱ्यातलं माणूस परत फिरलं. वाळूवर चपला घासल्याचा आवाज आला.

मब्रूका उठली, वळली आणि डोळे मोठे उघडून तिने पाहिलं. "बाई!"

भिंतीचं वाक्य मधेच तुटलं. दारात नाहेदबाई वळून उभ्या होत्या. गालफडं बसलेली, डोळे खोल गेलेले. त्यांची नजर मब्रूकावर पडली आणि तिथेच राहिली.

"वेडी का गं तू?" त्या म्हणाल्या. "तुझी आई मला फाडून खाईल." आणि दाराची चौकट धरून त्या रडल्या.

मग डोळे पुसून आत आल्या. बोचकं मात्र हातातच होतं. "महिनाभर वर्ग बुडाला तुमचा. तापाने उठवत नव्हतं मला. मास्तरांना निरोप धाडायचा म्हटलं, तर घूलाच्या घरचा निरोप न्यायला कुणी तयार होईना. कुठे थांबलो होतो आपण? गुणाकारापाशी?"

मब्रूकाने मान हलवली. "मुळांपाशी," ती म्हणाली. "मुळं मीठ कसं ओळखतात तिथे."

बाईंचा चेहरा उतरला. "ते मी कधी शिकवलं? मला तरी कुठे येतं ते?"

मब्रूकाने नुसतं झरोक्याकडे बोट केलं. बाई वर बघत राहिल्या. ट्रकचा भोंगा पुन्हा वाजला, आणि आता बाई पळत सुटणार, असं मब्रूकाला वाटलं. तिने त्यांची ओली बाही मुठीत धरली.

बाईंनी बोचकं जमिनीवर ठेवलं. टेबलाकडे त्या गेल्या नाहीत. मब्रूकाशेजारी बाकावर येऊन बसल्या, गुडघे कसेबसे आत घालून.

"सांग मग," त्या हळूच म्हणाल्या. "पहिल्यापासून सांग."

मब्रूका सांगू लागली. ट्रकचा आवाज वाळवंटाकडे गेला आणि विरला. अर्ध्यावर एका शब्दाशी ती अडली. बाई तिच्या तोंडाकडे बघत वाट पाहत होत्या. भिंतीपलीकडेही कुणीतरी वाट पाहत होतं, आणि ते दोघींनाही कळत होतं.