बंद खोल्यांचे नळ

तिचे बाबा वसतिगृहाचे केअरटेकर होते. साचलेल्या पाण्यात जंतू वाढू नयेत म्हणून बंद खोल्यांतले नळ दर आठवड्याला पाच मिनिटं सोडायचे, गरम पाण्याचं तापमान वहीत लिहायचं, असा नियम होता. त्या मंगळवारीही ते नेहमीसारखे चहा पीत, खुर्चीतून न हलताच आकडे भरत होते.

"काय बघतेस गं? पाणी काय पळून जातंय?"

ती नुसती हसली. घरचा गिझर बिघडलेला, म्हणून टॉवेल घेऊन ते तसल्याच एका बंद खोलीत अंघोळीला गेले.

पंधरा दिवसांत न्यूमोनियाने ते गेले.

आज पाणी तपासणाऱ्या बाईंनी त्या खोलीतला शॉवर खोलला. आतून शेंबडासारखा तपकिरी थर लोंबला. कुजका भपकारा आला. हेच फवाऱ्यातून, श्वासाबरोबर बाबांच्या छातीत गेलं होतं. तिने ओढणीने नाक दाबलं.

"हा एकच शॉवर खराब असणार," मालक म्हणाले. "उद्या मुलं येतायत, बाकीच्या खोल्या उघडू. हिच्या बाबांची वही बघा, एक आठवडा चुकलेला नाही. देवमाणूस!"

बाई वही चाळून मान डोलावू लागल्या. त्या थराहून जास्त किळस तिला स्वतःच्या त्या हसण्याची आली.

"आकडे खोटे आहेत," ती म्हणाली. "बाबा नळ सोडतच नव्हते. मी बघत होते, आणि गप्प बसले."