मैनेची खोड

वाशी तालुक्यात खोगिरं शिवणारा मकबूल एकटाच उरला होता. बापाच्या काळात टांग्याचं सामान, बैलांच्या म्होरक्या, घोड्यांची खोगिरं असं सगळं काम त्याच एका दुकानात व्हायचं. आता मोटरसायकलींच्या सीटा शिवून घर चालत होतं. वर्षाकाठी एखादं खोगीर आलं तर आलं. पण ते आलं की मकबूल हातातली सीट बाजूला सारायचा आणि दुपारच्या जेवणालाही घरात जायचा नाही.

त्याच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता. सुई त्याची बायको ताहेराबी ओवून द्यायची. बाकी कुणाला त्यानं हे कळू दिलं नव्हतं. शिवणाऱ्याची नजर गेली असं एकदा बाजारात झालं की संपलं, म्हणून तो ऑपरेशन पुढं ढकलत राहिला होता.

दिवाळीनंतर आण्णासाहेबांचं खोगीर आलं. तेरखेड्याच्या रस्त्याला त्यांचा मळा होता. सातवीतल्या नातीसाठी, निकितासाठी, त्यांनी दोन वर्षांपूर्वी एक तांबूस तट्टू घोडी घेतली होती. तिचं नाव मैना. शांत जनावर होतं. लहान लेकरू पोटाखालून गेलं तरी मैना पाय उचलायची नाही. निकिता शाळेतून आली की दप्तर ओट्यावर टाकून तिला घेऊन ओढ्यापर्यंत जायची.

खोगीर बसकं झालं होतं, आतल्या लोकरीचे गोळे झाले होते. मकबूलनं जुनी लोकर काढली, नवी पिंजून भरली, खालचं कातडं बदललं आणि कडेनं चुका मारल्या. कातडं लाकडाला ठोकायचे हे बारीक खिळे, म्हणजे चुका, तो ओठांत धरायचा आणि एकेक काढून मारायचा. चार दिवसांनी खोगीर मळ्यावर गेलं.

आठवडाभरात मैना बिघडली. पहिल्यांदा पोटाखालचा पट्टा आवळताना ती चावायला वळली. मग निकिता पाठीवर बसली की कान मागं पाडून जागच्या जागी गोल फिरू लागली. पुढं पुढं तर दुगाण्या झाडायला लागली. आण्णासाहेबांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. खांद्याच्या मागं वाटाण्याएवढी सूज होती. गोमाशी चावली असेल म्हणून त्यांनी हळद-तेल लावलं, दोन दिवस तिला मोकळी सोडली. तिसऱ्या दिवशी परत तेच.

"आबा," निकिता एकदा म्हणाली, "मी खोगीर न घालता बसते ना, तेव्हा ती काहीच करत नाही."

"अंगणातल्या अंगणात बसतीस तू. पळवायला लागलीस की करंल."

तरी ते बोलणं आण्णासाहेबांच्या डोक्यात राहिलं. ते स्वतः खोगीर घेऊन दुकानात आले.

"मकबूलभाई, हे कुठं टोचत तर न्हाय ना, बघा बरं."

मकबूलनं खोगीर उलटं करून मांडीवर घेतलं आणि तळव्यानं सगळीकडं दाबून पाहिलं. हाताला काही लागलं नाही. आत बघायचं तर सगळी शिवण उसवावी लागणार होती. ती शिवण त्यानं एका डोळ्यानं कशीबशी सरळ घातली होती. परत तशी जमेल की नाही, याची त्याला खात्री नव्हती.

"आण्णा, चाळीस वर्षं झाली मला ह्या कामात," तो म्हणाला. "माझ्या हातचं खोगीर टोचायचं न्हाय. जनावरालाच खोड लागलीया. वेळीच मोडून घ्या."

आण्णासाहेबांनी मान डोलावली. खोगिराबद्दल मकबूलच्या पुढं विचारायला दुसरं कोण होतं?

खोड मोडायला बार्शीकडून मल्हार नावाचा माणूस आला. तो घोडी शिकवायचा. दुष्ट नव्हता. बापानं जे शिकवलं तेच करत होता. त्यानं मैनेचा लगाम बदलून काटेरी लगाम चढवला, दिवसभर खोगीर आवळून ठेवलं आणि रोज सकाळी नांगरटीच्या रानात तिला फोकानं पळवलं. घाम पांढरा होऊन तिच्या मानेवर वाळायचा. आठव्या दिवशी तिनं लाथा मारायचं सोडलं. मल्हार पाठीवर चढला तरी ती मान खाली घालून उभी राहिली.

"झाली सरळ," मल्हार म्हणाला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी निकिता बसली. मैना वीसेक पावलं नीट चालली. मग काय झालं ते निकितालाही सांगता आलं नाही. घोडी मागच्या पायांवर उभी राहिली आणि तशीच बाजूला कोसळली. निकिताचं कोपर मोडलं. तिला बार्शीच्या दवाखान्यात नेलं, हाडात सळई घातली. ती दवाखान्यात असतानाच आण्णासाहेबांनी मैना एका व्यापाऱ्याच्या टेम्पोत चढवून दिली. प्लास्टर घातलेला हात गळ्यात अडकवून निकिता घरी आली, तेव्हा दावणीला नुसता दोर होता. ती रडली नाही. आण्णासाहेबांशी मात्र बरेच दिवस बोलली नाही.

फेब्रुवारीत ताहेराबीनं हट्टानं नवऱ्याला सोलापूरला नेऊन डोळ्याचं ऑपरेशन करून आणलं. मार्चमध्ये आण्णासाहेबांचा गडी ते खोगीर दुकानात टाकून गेला. कुणी मागितलं तर देऊन टाका, असा निरोप होता. नव्या नजरेला मकबूलला आपलीच शिवण वाकडी दिसली. अशी वस्तू दुसऱ्याला कशी द्यायची, म्हणून तो उसवायला बसला.

डाव्या बाजूच्या लोकरीत ओठांतून निसटलेली एक चूक होती. टोक खाली, घोडीच्या पाठीकडं. कातड्याला तिथं सुईच्या टोकाएवढं छिद्र पडलं होतं आणि आतल्या बाजूनं काळा डाग धरला होता. त्यात दोन-तीन तांबूस केस चिकटले होते. नुसत्या हातानं दाबून ती लागणार नव्हती. पट्टा आवळला, वर माणूस बसला, की मग लागणार.

ताहेराबी चहा घेऊन आली तर तो तसाच बसलेला. तिनं त्याच्या हातात पाहिलं आणि तिला सगळं समजलं.

"अब बोलको क्या फायदा?" ती म्हणाली. "घोडी तो गई."

"मला विचारलं होतं त्यांनी," मकबूल म्हणाला. "इथं येऊन विचारलं होतं."

तिसऱ्या प्रहरी तो मळ्यावर गेला. आण्णासाहेब ओट्यावर बसले होते, निकिता शेजारी डाव्या हातानं गृहपाठ लिहीत होती.

"आण्णा, खोगिरात चूक राहिली होती."

"आता ऱ्हाऊ द्या वो ते. माणसाच्या हातनं व्हतं कमी-जास्त."

मकबूलनं मूठ उघडली. तळहातावरचा खिळा आण्णासाहेबांनी पाहिला. मग त्यांनी तो घेतला आणि अंगठ्यानं त्याचं टोक दाबून पाहिलं. मकबूलनं आपल्या डोळ्याचं सांगितलं, उसवायचं का टाळलं तेही सांगितलं. काहीच मागं ठेवलं नाही.

"चाचा," निकिता म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "तिला सांगता येत नव्हतं. मला येत होतं. मी सांगितलं होतं."

आण्णासाहेबांनी मान वर केली नाही.

व्यापाऱ्याला चार फोन केल्यावर मैनेचा पत्ता लागला. ती परंड्याकडं एका वीटभट्टीवर होती. दोघं टेम्पो घेऊन गेले. ती राखेच्या पोत्यांखाली उभी होती. बरगड्या मोजता येत होत्या आणि खांद्यामागं तळहाताएवढी जखम उघडी पडली होती. मकबूल हळू बोलत जवळ गेला. तिनं वळून मागचे पाय त्याच्याकडं केले आणि तशीच थांबली. लाथ मारली नाही. तिला टेम्पोत चढवायला तीन माणसं लागली. परतीच्या वाटेवर आण्णासाहेब एवढंच म्हणाले, "मोडून घ्या म्हणालात तुम्ही. आन् म्या मोडली."

मळ्यावर निकिता फाटकात उभी होती. तिनं हाक मारली. मैनेचे कान क्षणभर हलले, पण निकिता जवळ येताच ती मागं सरत सरत गोठ्याच्या भिंतीला टेकली आणि अंगभर थरथरू लागली.

जनावरांचे डॉक्टर महिनाभर येत राहिले. जखम भरली, तिथं पांढरे केस आले. "पाठीला आता दुखणं न्हाय," डॉक्टर म्हणाले. "पण तिला ते कसं पटवणार?"

निकितानं पटवायचा प्रयत्न केला. रोज ती गोठ्यात जाऊन नुसती बसायची, गूळ पुढं करायची. मैना गूळ खायची, पण हात मानेच्या पुढं सरकला की तिची कातडी लाटेसारखी हलायची. मे महिन्याच्या शेवटी एकदा निकितानं धीर करून तिच्या पाठीवर हात ठेवला. घोडीनं अंग आखडून घेतलं, डोळे मिटले आणि मल्हारपुढं उभी राहायची तशी मान खाली घातली. निकितानं हात काढून घेतला. परत कधी ठेवला नाही.

जूनमध्ये ती लातूरला वसतिगृहात शिकायला गेली. तिचं कोपर अजून पुरतं सरळ होत नाही. फोनवर ती सगळ्यांची चौकशी करते, मैनेचं नाव घेत नाही. आण्णासाहेबही घेत नाहीत.

मकबूलनं त्यानंतर खोगीर शिवलं नाही. एकदा कळंबकडून एक जण आला होता, त्याला त्यानं दुसरीकडं कुणी असलं तर बघा म्हणून परत पाठवलं. दर शुक्रवारी नमाज झाली की तो बसनं मळ्याच्या फाट्यावर उतरतो, विळ्यानं थोडा घास कापून मैनेपुढं टाकतो आणि बांधावरच्या बाभळीपाशी जाऊन बसतो. तो तेवढा लांब गेल्याशिवाय ती तोंड लावत नाही. तो तिकडं तोंड करून बसत नाही. ती खात असल्याचा आवाज ऐकू आला की उठतो आणि परत फाट्याकडं चालू लागतो.